दफ्तर कोणाच्या किल्लीखाली?

१८५५ सालच्या 'ज्ञानोदय'च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मातंग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीचा हा निबंध आज आपण सभांतून अभिमानाने सांगतो. पण तो आपल्यापर्यंत पोचला कसा, हे आपण फारसे विचारीत नाही. तो पोचला, कारण 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनऱ्यांचे पत्र होते आणि आपल्या पत्राच्या फायली जपून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. मुक्ताबरोबर त्या शाळेत बसणाऱ्या दुसऱ्या मुलींनीही पाटीवर काहीबाही लिहिले असेलच. त्या पाट्या पुसल्या गेल्या.

दुसरे उदाहरण पुढच्याच वर्षाचे. १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. सवर्ण मुले शाळा सोडून जातील या भयाने तो नाकारला गेला. त्या एका अर्जावर मुंबई सरकारने ठराव केला, प्रकरण हिंदुस्थान सरकारकडे गेले, तेथून लंडनला कंपनीच्या संचालकांपर्यंत पोचले आणि १८५८ साली सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व मान्य झाले. एवढा कागद हलला, एवढ्या साहेबांच्या सह्या झाल्या, आणि ज्याने हे सगळे हलवले तो आपल्या पुस्तकांतून बहुधा 'एक महार मुलगा' एवढाच राहिला.

इतिहास लिहायचा म्हणजे साधने पाहिजेत, साधने म्हणजे कागद, आणि कागद नेहमी कुणाच्या तरी कपाटात, कुणाच्या तरी किल्लीखाली असतो. आज संगणकावर आणि हातातल्या फोनवर मोफत मिळणाऱ्या संशोधनसाधनांचा विचार मी याच अंगाने करतो. ही साधने म्हणजे एक नवी सोय, इतक्यावर ज्यांना थांबता येते त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके आहेत. माझे वडील सालगडी होते. आमच्या घरात आलेला पहिला छापील मजकूर म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर. पीएच.डी.च्या काळात एका जुन्या ग्रंथालयात मी वर्तमानपत्राची फाईल मागितली, तेव्हा काय वाचायचे आहे याच्या आधी कोणाची ओळख आणली आहे हे विचारले गेले आणि लगोलग आडनाव. फाईल दिली नाही असे नाही. तीन खेपा घालून मिळाली. पण तालुक्याच्या गावाहून तीन खेपा घालण्याचे एस.टी.चे भाडे आणि तीन रजा ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या प्रबंधात ती फाईल येत नाही. असे न आलेले संदर्भ कुणी मोजीत नाही.

आपल्या चळवळीत ग्रंथांच्या हानीचा इतिहास ग्रंथांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १९१७ साली बाबासाहेब लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले, तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. ती बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली. नुकसानभरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये आले. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या ग्रंथांचे मोल रुपयांत होत नाही, हे वेगळे सांगायला नको. पुढे त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले ते पुस्तकांना घर हवे म्हणून. त्यांच्या निधनानंतर दिल्लीच्या घरातील कागदपत्रांचे काय झाले, ही कथा त्याहून वेदनादायक आहे. १९६७ साली घराच्या ताब्यावरून झालेल्या प्रकारात त्यांतले कित्येक कागद अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजले. जे उरले ते न्यायालयाच्या ताब्यात वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिले.

या काळात कागद राखले ते सामान्य माणसांनी. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच काढला. पत्रे, कात्रणे, आठवणी जमवण्यात त्यांचे आयुष्य गेले आणि राहिलेले खंड त्यांच्या पश्चात द्वारकाबाई खैरमोडे यांच्या धडपडीतून बाहेर आले. वसंत मून यांनी शासकीय प्रकल्पात बसून 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चे खंड उभे केले. पहिला खंड १९७९ च्या १४ एप्रिलला निघाला. १९८२ च्या दुसऱ्या खंडात मुंबई विधिमंडळातील भाषणे आणि सायमन कमिशनपुढील काम आले, १९८७ च्या चौथ्या खंडात 'रिडल्स' आले आणि त्यावरून महाराष्ट्रात काय उसळले ते वाचकांना माहीत आहे. १९९० साली 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' पुनर्मुद्रित झाले. या पुनर्मुद्रणाआधी 'मूकनायक'चा अंक प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले अभ्यासक किती असतील? ज्या पत्राची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नव्हती, ते पत्र सत्तर वर्षांनी सरकारी छापखान्यातून निघाले.

पण छापून निघणे आणि हाती पडणे यांत अंतर आहे. खंड संपत, पुन्हा छापले जात नसत. ९ लाख प्रतींची छपाई ठरली असता सुमारे ३३ हजारच छापल्या गेल्याचे वृत्त आले आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्याच सुमारास हेच इंग्रजी खंड पीडीएफच्या रूपात केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट उतरवून घेता येत होते. परराष्ट्र मंत्रालयाकडेच हे काम का आले, असे माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले. दुसरा म्हणाला, गावकुसाबाहेरचे आपण, आपला कारभार परराष्ट्र खात्याकडेच असणार. विनोद सोडा, पण परभणी जिल्ह्यातल्या मुलाला आता चौथ्या खंडासाठी कुणाच्या कपाटाची किल्ली मागावी लागत नाही, ही गोष्ट लहान नाही. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे भाषण लाहोरला होऊ दिले गेले नाही, तेव्हा १९३६ साली बाबासाहेबांनी स्वखर्चाने त्याच्या १५०० प्रती काढल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. आज तोच मजकूर टिपांसह कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. एकेकाळी जेथे ते विद्यार्थी म्हणून गेले, तेथूनच तो मोफत मिळतो.

ही मोफत साधने आपल्यासाठी कुणी निर्माण केली असा भ्रम नको. १९७१ साली अमेरिकेत मायकेल हार्ट याने एका मोठ्या संगणकावर स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला आणि त्यातून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' उभा राहिला. १९९१ साली पदार्थवैज्ञानिकांनी आपले लेख छापण्याआधीच एकमेकांना खुले करण्यासाठी 'अर्काइव्ह' सुरू केले. १९९६ साली 'इंटरनेट अर्काइव्ह' आले, २००२ साली बुडापेस्टच्या घोषणापत्राने मुक्त प्रवेशाला नाव दिले. यामागे नियतकालिकांच्या अफाट वर्गण्यांना कंटाळलेले गोरे प्राध्यापक होते, आपण नव्हतो. तरीही पाणवठा कोणी बांधला यापेक्षा त्यावर कोणाला जाता येते हे आपल्याला अधिक महत्त्वाचे. इथे मला बोले ठरावाची आठवण येते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तळे खुले झाले, आणि २० मार्च १९२७ पर्यंत एकही अस्पृश्य तेथे पाणी प्यायला नाही. कागदावर खुले असणे आणि ओंजळ पाण्यात जाणे यांमध्ये काय काय आडवे येते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? म्हणून संकेतस्थळांची यादी देऊन हा विषय संपत नाही. आडवे काय येते ते पाहिले पाहिजे.

पहिली आडकाठी शब्दांची. शोधयंत्राला जो शब्द द्यावा तोच ते शोधते. आपला विद्यार्थी 'दलित' हा शब्द देतो आणि एकोणिसाव्या शतकाविषयी काही सापडत नाही म्हणून परत येतो. त्या काळच्या इंग्रजी कागदांत आपण 'दलित' नाही. तेथे 'म्हार' आहे, 'परवारी' आहे, 'धेड' आहे, पुढे 'डिप्रेस्ड क्लासेस' आहे, आणखी पुढे 'हरिजन' आहे. यांतले काही शब्द शिवीसारखे लागतात. पण शिवी टाळणाऱ्याला तो कागद मिळत नाही. लष्करी नोंदींत आपल्या माणसांची नावे '-नाक' या प्रत्ययाने ओळखू येतात. १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या कोरेगावच्या स्तंभावर अशी नावे आहेत. इंग्रज कारकून तो प्रत्यय रोमन लिपीत कधी एका तऱ्हेने लिहितो, कधी दुसऱ्या. तेव्हा शोधताना एका नावाची चार-पाच स्पेलिंगे करून पाहावी लागतात. मराठी पुस्तकांची तीच अवस्था. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ने स्कॅन केलेली काही लाख पुस्तके नंतर इंटरनेट अर्काइव्हवर गेली, पण त्यांची शीर्षके ज्याने कुणी रोमनमध्ये टंकली त्याला मराठी येत नव्हते, असे पानोपानी वाटते. पुस्तक असते, नावाने मात्र सापडत नाही. प्रकाशकाच्या नावाने, वर्षाने, लेखकाच्या अर्ध्या नावाने शोधीत जावे, तेव्हा कुठे हाती लागते.

दुसरी आडकाठी अक्षरांची. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली, तरी आपले बहुतेक टंकलेखन पुढची वीस वर्षे जुन्या फॉन्टांत होत राहिले. त्या फॉन्टांत पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते एखादे इंग्रजी अक्षरच असते. 'शोधगंगा'वर आज मराठी प्रबंध मोठ्या संख्येने आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध तेथे ठेवणे सुरू झाले. (नावात गंगा आलीच. असो.) पण यांतले कित्येक प्रबंध जुन्या फॉन्टांत किंवा नुसत्या छायाचित्रांच्या रूपात आहेत, म्हणून त्यांच्या पोटात शिरून शब्द शोधता येत नाही. आंबेडकरी जलशांवर कुणी वीस पाने लिहिलेली असतात, आणि दुसरा अभ्यासक आपणच प्रथम लिहितो आहोत असे समजून तेच वीस पाने पुन्हा लिहितो. छापील पानाचा मजकूर करणारी ओसीआरची साधनेही आता मोफत आहेत. 'टेसरॅक्ट' हे त्यांतले जुने, २००५ पासून सर्वांना खुले असलेले. आजच्या स्वच्छ छपाईवर ती चांगली चालतात. १९२० च्या खिळ्यांच्या छपाईवर मात्र 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात, जुना 'ल' आणि 'श' ओळखू येत नाहीत. 'धर्म'चा 'घर्म' झाला तर हसून सोडता येईल. 'मांग'चा 'माग' झाला तर एक जात नोंदीतून नाहीशी होते. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असते, यंत्राने काढलेला मजकूर शोधण्यासाठी वापरा, उतरवण्यासाठी नको. अवतरण घेताना मूळ पानाचे चित्र डोळ्यांपुढे पाहिजे.

मोडीचा प्रश्न याहून मोठा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद मोडीत आहेत. गावगाड्याचे, वेठीचे, महारवतनाचे तपशील तेथे आहेत. १९२८ साली बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने गेली. या लढ्याचे विधिमंडळातील रूप छापील खंडात वाचता येते, पण एकेका गावात वतनदार महाराच्या वाट्याला काय येत होते आणि त्याला काय काय करावे लागत होते, ते मोडीत आहे. आपल्यातले मोडी वाचणारे किती? येथे कुठलेही यंत्र येण्याची वाट पाहू नये. मोडी दोन-तीन महिन्यांच्या सरावाने येते, आणि ती शिकण्यास पैसे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट संदर्भांची. दलित अभ्यासकाकडे संदर्भ जरा जास्तच बारकाईने तपासले जातात. 'तुम्ही भावनेने लिहिता, आधार कुठे?' हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले आहे. ज्यांच्या आजोबांनी बखरीवर विसंबून इतिहास लिहिला त्यांच्या नातवांनी आपल्याला पान क्रमांक विचारावा, यात एक गंमत आहे. तरी पान क्रमांक द्यावाच. यासाठी 'झोटेरो' नावाचे एक मोफत साधन आहे. अमेरिकेतल्या इतिहासाच्या अभ्यासकांनीच २००६ साली ते तयार केले. वाचलेल्या प्रत्येक ग्रंथाची नोंद, त्यावरचे टिपण, पान क्रमांक त्यात साठवायचे, आणि लिहिताना तळटीप आपोआप पडते. जुन्या पिढीतले संशोधक बिस्किटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत चिठ्ठ्या ठेवीत. हे तेच खोके, फक्त त्याला उंदीर लागत नाहीत. त्याच्या जोडीला 'लिबर ऑफिस' घेतले की लेखनासाठी चोरीची प्रत वापरण्याचे कारण उरत नाही.

येथेच एक इशारा दिला पाहिजे. २०२२ च्या अखेरीपासून विचारल्या प्रश्नाचे लिहून उत्तर देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. इंग्रजी लेखाचा आशय मराठीत समजून घ्यायला ती पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला खरोखरच उपयोगी पडतात. इंग्रजीची भिंत काय असते हे ज्याने अनुभवले नाही त्याने या उपयोगाला नाक मुरडू नये. परंतु हीच यंत्रे अस्तित्वात नसलेले ग्रंथ आणि कुणीच न म्हटलेली वाक्ये तितक्याच ठामपणे पुढे करतात. बाबासाहेबांच्या नावावर बनावट वचने खपवण्याचा धंदा भिंतीवरच्या फलकांपासून फोनपर्यंत आधीच तेजीत आहे. त्यात यांची भर. खंड, पान, वर्ष हातात असल्याशिवाय वचन भाषणात घालायचे नाही, हा दंडक कार्यकर्त्यांनी स्वतःला लावून घ्यावा. खंड मोफत आहेत, तेव्हा सबबही राहिलेली नाही.

कायद्याचे थोडे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे त्याच्या लेखनावरील हक्क संपतो. त्या हिशेबाने बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. मात्र मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. 'बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ चा, म्हणजे त्याचीही मुदत सरली. पण १९८७ साली प्रथम छापलेले 'रिडल्स' त्या हिशेबाने २०४७ अखेरपर्यंत बांधलेले आहे. छोटे प्रकाशक हा फरक ध्यानात घेत नाहीत. अभ्यासासाठी झेरॉक्स काढण्याचा प्रश्नही न्यायालयात गेला होता. तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर खटला भरला. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी केलेल्या अशा प्रतींना कायद्याची मुभा असल्याचे मानले आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. पुस्तकाचा एकच धडा परवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने लागलेला हा निकाल आपल्या शिक्षकांना तोंडपाठ असायला हवा. २०२५ च्या जानेवारीपासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये देऊन सरकारने हजारो नियतकालिके संस्थांना खुली केली. पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपुरती होती. आपल्या तालुक्यांतली महाविद्यालये बहुतांशी खासगी संस्थांची. आणि जो कार्यकर्ता कुठल्याच महाविद्यालयाच्या हजेरीपटावर नाही, वस्तीतल्या वाचनालयात बसून लिहितो, त्याला या ६००० कोटींत ओळखपत्रच नाही. चळवळीचा अर्धा इतिहास अशाच माणसांनी लिहिलेला आहे.

आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या कपाटांविषयी लिहिले. आपल्या स्वतःच्या कपाटाचे काय? १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध झाले. चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते करून त्यांनी ते लिहिले. या स्त्रिया कुठल्याच दफ्तरात नव्हत्या. दोघींनी तेव्हा जे कष्टाने केले त्यासाठी लागणारे यंत्र आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. फोनवर तासभराची मुलाखत ध्वनिमुद्रित होते, वहीचे पान नीट उजेडात धरले तर वाचता येईल असे टिपले जाते. भीमराव कर्डकांनी जलशांविषयी स्वतः लिहून ठेवले म्हणून ते आपल्याला माहीत. पण गावोगावच्या जलसेकारांच्या वह्या, समता सैनिक दलाच्या पावत्या, १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला जाऊन आलेल्यांच्या आठवणी, धम्मदीक्षेनंतर देव पाण्यात सोडल्याच्या हकिकती, हे सारे अजून पत्र्याच्या पेट्यांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ज्याने त्या वर्षी विशीत दीक्षा घेतली तो आज नव्वदीत आहे.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी गेली काही वर्षे हेच काम देतो. कामाचे नियम आम्ही मिळून केले. वही घरातून न्यायची नाही, घरीच बसून टिपायची. फायलीच्या नावात गाव, माणूस, तारीख युनिकोड मराठीत घालायची, म्हणजे उद्या कुणी शोधले तर सापडेल. तीन प्रती करायच्या, त्यांतली एक त्या घरच्यांच्या फोनवर. ज्याची वही आहे त्याला विचारल्याखेरीज ती सर्वांसाठी खुली करायची नाही. हा शेवटचा नियम मुलांना पटत नव्हता. सर, आपणच म्हणता ज्ञान खुले पाहिजे, मग ही परवानगी कशाला? मी त्यांना म्हटले, दीडशे वर्षे आपल्या माणसांची मोजमापे, चालीरीती, नावे त्यांना न विचारता गॅझेटियरमध्ये छापली गेली; ती आज मोफत आहेत, आणि ती वाचताना तुम्हाला काय वाटते ते मागच्या तासाला तुम्हीच सांगितले होते. एका आजींनी गाणी टिपू दिली, पण नवऱ्याने तुरुंगातून पाठवलेले पत्र टिपू दिले नाही. आमच्या यादीत त्या पत्राची नोंद आहे : गाव, साल, पत्र एक, मालकाकडे.